शेवटचा नमुना

कादंबरीने दोराचे दोन वेढे हाताला घेतले आणि बादली जहाजाच्या मागच्या कठड्यावरून खाली सोडली. जहाज मंदावलं होतं, तरी पाण्याला टेकताच बादलीला हिसका बसला आणि दोर तळहातावरून करकरत सरकला. तिने तो सोडला नाही.

“मॅडम, इथे कसलं पाणी घेताय?” मागून शिरीष म्हणाला. तो मूळचा दापोलीचा, डेकवरचा जुना खलाशी. दक्षिण महासागरातले चार महिने तिच्या प्रत्येक नमुन्याचा दोर त्यानेच सांभाळला होता. “तुमची यादी तर केव्हाच संपली. आणि हे सिंगापूर आहे. वर काय येणार? डिझेल, नाहीतर कुणाचीतरी चप्पल.”

“एकच बादली, शिरीषदादा.”

“कप्तानाने बघितलं तर तीच माझ्या डोक्यावर पालथी घालेल.” असं म्हणत त्याने पुढे होऊन दोराला हात घातला.

समोर सेमाकाऊ बेटाची हिरवी रेघ होती. तिच्यापलीकडे जुरोंग आयलंडवरच्या तेल कारखान्यांच्या चिमण्या, आणि एका चिमणीच्या टोकावर दिवसाउजेडी फिकी पडलेली ज्वाळा. बावीस वर्षं बाबा गळ्यात पास अडकवून कंपनीच्या बसने त्या ज्वाळांकडे जात होते. लहानपणी तिला वाटायचं, त्या रोज सकाळी तेच पेटवतात.

सात आठवड्यांपूर्वी ते गेले, तेव्हा सर्वांत जवळचं बंदर सोळा दिवसांवर होतं आणि एका विद्यार्थिनीसाठी जहाज वळणार नव्हतं. सॅटेलाइट फोनवर आईचा आवाज थांबत थांबत आला होता. “सगळं नीट पार पडलं. सेमाकाऊच्या दक्षिणेला समुद्रात अस्थी सोडल्या ह्यांच्या. शैलेंद्रकाका होते सोबत. तू तुझं काम पुरं करून ये.” पुढे मोहीम संपली. सगळे सहकारी पहिल्या बंदरावर उतरून विमानाने पांगले. जहाज दुरुस्तीसाठी सिंगापूरच्या गोदीत यायचं होतं. कादंबरी त्याच्यावरच राहिली. या पाण्यावरून जाणारा दुसरा रस्ता तिला ठाऊक नव्हता.

तिने छोटी बाटली नियमाप्रमाणे त्याच पाण्याने तीनदा विसळली, मग काठोकाठ भरली. डोळे भरून आले तेव्हा तिने झटकन मान वळवली. नमुन्यात बाहेरचा थेंबही पडता कामा नये. दोन वर्षांत हे अंगवळणी पडलं होतं. झाकण घट्ट लावून तिने चिठ्ठीवर तारीख, वेळ, ठिकाण लिहिलं. शेऱ्याची जागा तशीच राहिली.

“शेरा नाही,” शिरीष वाकून म्हणाला. “मग ब्लँक आहे का ही?”

चार महिन्यांत त्याला नमुन्यांचं सगळं माहीत झालं होतं. नमुन्यांच्या प्रत्येक संचासोबत एक ब्लँक ठेवतात: जे शोधायचं ते ज्यात मुळीच नाही, असं पाणी. त्याच्याशी ताडून बाकीच्यांत काय आहे ते कळतं.

“नाही,” ती म्हणाली. आवाज तिच्याही नकळत चढला. “ब्लँक नाही ही.”

शिरीषने तिच्याकडे पाहिलं, मग बेटाकडे. डोक्यावरची टोपी काढून त्याने ती उगाचच दुसऱ्या हातावर आपटली आणि दोर गुंडाळायला घेतला.

*

दुपारी आईने दार उघडलं. फ्लॅट होता तसाच होता. फक्त दारापाशी चपलांचा एकच जोड होता.

“किती रापलीस गं,” आई तिचे गाल चाचपत म्हणाली. “बर्फात होतीस ना? मग काळी कशी झालीस?”

“बर्फावरूनही ऊन लागतं, आई.”

“हे म्हणालेच असते, ही नक्की बालीला जाऊन आली.”

दोघी हसल्या. हसणं विरल्यावर काय करायचं ते दोघींनाही सुचेना. आई आत गेली आणि स्वयंपाकघरालगतच्या बॉम्ब शेल्टरचं, म्हणजे इथल्या फ्लॅटांत बांधूनच देतात त्या कोठडीचं, जाड लोखंडी दार दोन्ही हातांनी ओढू लागली. तांदळाचं पोतं, जुन्या बॅगा, दिवाळीचे कंदील, सगळी अडगळ वर्षानुवर्षं तिथेच राहत आली होती.

“मी फोनवर खोटं बोलले,” आई आत बघत म्हणाली. “बोट ठरली होती. जेटीपर्यंत गेलोही होतो. शैलेंद्रभावजी म्हणाले, चला वहिनी. माझे पायच उचलेनात. म्हटलं, मुलगी समुद्रावरच आहे, येईलच. तुला कळवलं असतं तर तू तिथे एकेक दिवस मोजत बसली असतीस.”

वरच्या फळीवर, कंदिलांच्या बाजूला, पांढऱ्या कापडाने तोंड बांधलेला कलश होता.

“अस्थी घरात ठेवू नयेत म्हणतात. म्हणून इथे ठेवला. शेल्टरला काही घर धरत नाहीत म्हणे.” आईने पदराने फळीची कड पुसली. “उद्या नऊची बोट आहे. आपल्या दोघींची नावं दिलीत.”

कादंबरीचा हात जॅकेटच्या खिशात होता. तो तिथेच मिटला. आईने ते पाहिलं.

“काय आहे? बघू.”

आईने बाटली उजेडाकडे धरली, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. आजची तारीख. सकाळची वेळ. सेमाकाऊच्या दक्षिणेस. तिने ते एकदा वाचलं, मग पुन्हा वाचलं. तिचा अंगठा शेऱ्याच्या रिकाम्या जागेवरून फिरत राहिला.

“काही नाही त्यात,” कादंबरी म्हणाली. “ब्लँक आहे.”

 आईने कंदील थोडे सरकवून बाटली कलशाला टेकवून ठेवली; ती कलंडत नाही ना, हे बोटाने पाहिलं.

“असू दे त्यांच्याजवळ,” ती म्हणाली. “उद्या सोबतच नेऊ.”

कादंबरीने कलश खाली घेतला आणि शेल्टरच्या उंबऱ्यात बसली. तो इतका हलका असेल असं तिला वाटलं नव्हतं. तिने तो मांडीवर घेतला, दोन्ही हात भोवती घातले आणि कापडाच्या गाठीवर वाकली.

या वेळी तिने मान वळवली नाही.