शिवेवरचं घर

मोंटानाच्या माळावर सरकार जमीन फुकट देई, पण अट अशी की घाम फुटावा. पाच वर्षं आपल्याच तुकड्यावर राहायचं, आपल्याच तुकड्यावर झोपायचं. सलग सहा महिने गैरहजर राहिलात आणि कुणी तक्रार केली, की हक्क गेलाच म्हणून समजा! इंगेबोर्ग आणि लव्हिनिया या दोघी एकट्या बायका, तुकडे लागून. त्यांनी बरोबर शिवेवर एकच घर बांधलं. चूल मधोमध, इंगेबोर्गची खाट पूर्वेला, लव्हिनियाची पश्चिमेला. तिथे पुष्कळजण असं करत.

साडेचार वर्षं निघाली. दोनदा गारांनी गहू झोपवला, तरी इंगेबोर्ग हटली नाही. मग ऑक्टोबरात डाकोटाहून पत्र आलं, बहीण विषमज्वराने अंथरुणाला खिळलीय.

"जा गं बिनघोर," लव्हिनिया म्हणाली. "तुझी खाट मी रोज विस्कटून ठेवते. जमीन कचेरीचा माणूस आलाच तर सांगेन, आत्ताच पाण्याला गेली."

"थाप पचेल ना?"

"अख्खा माळ पचवतोय! इथे कोण कुणावर बोट दाखवतं?"

ते खरंच होतं. शेजाऱ्याने शेजाऱ्यासाठी थाप मारायची, हा माळाचा धर्मच होता. मार्चमध्ये इंगेबोर्ग परत निघणार, तोच लव्हिनियाचं पत्र आलं: घाई करू नकोस, बहिणीला नीट उभी कर, इकडचं मी बघते.

ती परतली तेव्हा सहा महिने बारा दिवस झाले होते. दारावर जमीन कचेरीची नोटीस होती. तक्रार ॲमोसची, म्हणजे लव्हिनियाच्या होणाऱ्या नवऱ्याची. साक्षीदार खुद्द लव्हिनिया.

इंगेबोर्गच्या पायाखालची जमीन तिथेच सरकली. तरी सुनावणीला ती ताठ मानेने गेली आणि पत्र अधिकाऱ्यापुढे आपटलं. "हिनेच थांबवलं मला! वाचा!"

त्याने चष्मा लावून सावकाश वाचलं. "बाई, हिने दगा दिला हे खरं," तो म्हणाला. "पण मार्चमध्येही तुम्ही डाकोटात होता, हे तुमच्याच कागदावरून सिद्ध होतंय." जमीन गेली. तक्रार करणाऱ्याचा त्या तुकड्यावर पहिला हक्क, म्हणून ॲमोस लगेच अर्ज भरायला खिडकीशी गेला.

बाहेर पायरीवर लव्हिनिया उभी होती.

"त्याच्याकडे वीतभर जमीन नव्हती गं," ती पुटपुटली. "मी तरी काय करणार होते?"

"मेले, मला सांगायचंस!" इंगेबोर्गचा आवाज फाटला. रागापेक्षा तिला रडूच जास्त येत होतं. "माझ्या नावावर झाली असती, की अर्धी तुला दिली असती मी."

"ठाऊक होतं मला," लव्हिनिया म्हणाली. "ॲमोसला सगळी हवी होती."