रायरांचा गुप्त प्रश्न

कुणी विचारलं नसलं तरी सांगते, फुकट मेल देणाऱ्या साइटवाल्यांना माणसांतलं काही कळत नाही. खातं उघडताना ते एक गुप्त प्रश्न विचारतात: आईचं माहेरचं आडनाव काय? पासवर्ड विसरलात तर याच उत्तरावर कुलूप निघायचं. आता जिथं पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी 'आई कुणाकडची?' म्हणून विचारतात, तिथं हे गुपित कसलं, डोंबल! नोकरीसाठी साताऱ्याहून चेन्नईला आले आणि पश्चिम तांबरमला कृष्णस्वामी रावांच्या घराची वरची खोली भाड्यानं घेतली, तेव्हा त्यांच्या बायकोनं, विद्यालक्ष्मीमामींनी, मला पहिलं हेच विचारलं होतं. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या फुलवालीलासुद्धा माझं आजोळ ठाऊक झालेलं.

कृष्णस्वामींना गल्ली 'रायर' म्हणायची. मूळचे तंजावरचे, रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त झालेले. नवराबायकोचं मराठी जुन्या बखरीतलं, चाल मात्र तमिळ. मूलबाळ नव्हतं. रायरांना एकच नाद होता, पेपरातलं कॉम्प्युटरचं पान. ते सकाळी वाचायचे, दिवसभर घोळवायचे, आणि संध्याकाळी मी ऑफिसच्या बसमधून उतरून घरी पोचले की गच्चीवर वाद घालायला तयार. एका नव्या कंपनीनं मेलसाठी ढीगभर जागा फुकट देऊ केली होती. पत्रं यंत्र वाचणार आणि बाजूला त्याच विषयाची जाहिरात लावणार. रायर भडकले. त्यांचं म्हणणं, फुकट घर कोण देतो, भाडं कुठून तरी वसूल करतच असणार. मी म्हटलं, वाचतं ते यंत्र, माणूस नव्हे. त्यावर ते म्हणाले, वाचणारा तो वाचणाराच, उद्या पोस्टमन पत्र वाचून साबण विकायला लागला तर तुला चालेल का, ऋजुता? मुद्दा त्यांचा बरोबर होता, म्हणून मी जास्तच जोरात बोलले.

अशाच एका संध्याकाळी कळलं की रायरांनी स्वतःच्या खात्याला तोच आईच्या माहेरचा प्रश्न ठेवलाय. मी त्यांना असं फैलावर घेतलं की मामी आतून बघायला आल्या. प्रश्न स्वतःच तयार करा, म्हटलं, उत्तर एकाच शब्दाचं ठेवा, आणि ते तुमच्याशिवाय कुणाला माहीत नसावं. दुसऱ्या दिवशी ते ब्राउझिंग सेंटरमधून परतले ते मिशीत हसत. प्रश्न काय ठेवला ते मला सांगितलं नाही. सांगितला तर गुप्त कसला, असं माझंच शास्त्र मला ऐकवलं.

दुपारी जेवणं झाली की आमची गल्ली झोपते. कुत्री सावलीत विरघळतात, लांबून लोकलचा आवाज येतो तोही जांभई दिल्यासारखा. त्या वेळी रायर रोज सेंटरमध्ये जाऊन बसायचे आणि काहीतरी टाइप करायचे. पाठवायचे कुणालाच नाहीत, नुसतं खात्यात साठवून ठेवायचे. मामींनी विचारलं की म्हणायचे, पुरं झालं की वाच.

मार्गळी महिन्यातल्या, म्हणजे आपल्या मार्गशीर्ष-पौषातल्या, एका सकाळी कॉफी पिता पिता रायर गेले. पेपर मांडीवर तसाच होता.

मामी रडल्या, सावरल्या, मला वेळेवर डबा देऊ लागल्या. गच्चीवरची संध्याकाळ मात्र मला खायला उठायची. मला त्यांची इतकी आठवण येईल असं वाटलं नव्हतं, पण आली, फार आली. उन्हाळा लागला तेव्हा मी सहज बोलून गेले की वापर नसलेलं खातं कंपनी काही महिन्यांनी पुसून टाकते. मामींच्या हातातली पळी थांबली.

"लिहिलेलं अस्कें जाईल?"

सगळं जाईल, म्हटलं. पासवर्ड त्यांना माहीत नव्हता. मग एकच वाट उरली होती.

रविवारी दुपारी आम्ही निघालो. रस्ता उन्हानं पांढरा झाला होता आणि मामी माझ्या पुढं छत्री धरून अशा चालल्या होत्या की पाय जमिनीला लागत नसावेत. सेंटरचा मालक सुब्बा गल्ल्यावर मान टाकून झोपला होता. आम्ही प्लायवूडच्या खोपटात शिरलो. वरचा पंखा गरम हवा ढवळत होता. मी रायरांची जन्मतारीख भरली, पिनकोड भरला. पान हळूहळू वरून खाली उमटत गेलं, आणि शेवटी रायरांचा प्रश्न आला, इंग्रजी अक्षरांत, त्यांच्या मराठीत. मी मोठ्यानं वाचला.

"विद्या वेदारण्यांत काय म्हणून हासली?"

मामींनी छत्री भिंतीला टेकवली. मग पडद्याकडे बघत, हळूहळू, त्यांनी सांगितलं. लग्न नवं होतं. आडी अमावास्येला, म्हणजे आषाढातल्या, घरातली सगळी वेदारण्यमला समुद्रस्नानाला गेली होती. पाणी उथळ, कोमट, चालत राहिलं तरी गुडघ्याच्या वर येईना. रायर आपल्या वडलांच्या मागोमाग मोठ्या ऐटीत मंत्र म्हणत चालले होते, आणि मामींना हसू फुटलं. सगळ्यांसमोर. का हसलीस, म्हणून रायरांनी त्या दिवशी विचारलं. पुढं जन्मभर विचारत राहिले, जेवताना, प्रवासात, दिवे गेल्यावर अंधारात. मामींनी कधी सांगितलं नाही.

"कारण तेच होते," मामी म्हणाल्या. "मी त्यांसच हासलीं. कळलं असतं तर लाजले असते. मोठे अभिमानी."

म्हणजे खरं उत्तर मामींकडे होतं, आणि खात्यात रायरांचा अंदाज. आणि खऱ्या उत्तरानं कुलूप निघालं, तर त्याचा अर्थ एवढाच की ज्या गोष्टीपासून त्यांनी नवऱ्याला आयुष्यभर जपलं, ती त्याला ठाऊक होती. मामींच्या हे माझ्या आधी लक्षात आलं असावं. त्यांनी कळांवर ठेवलेले हात उचलून मांडीवर घेतले. नको असेल तर परत जाऊ, असं मी म्हटलं.

"तूं तिकडे बघ," त्या म्हणाल्या.

मी पाठ फिरवली. खोटं कशाला सांगू, बघावंसं फार वाटलं. इतरांच्या खासगी गोष्टी जपण्यावर ऑफिसात भाषणं देणारी मी, त्या वेळी मान वळू नये म्हणून प्लायवूडवरची जुनी जाहिरात पुन्हा पुन्हा वाचत होते. मागं एकेक कळ वाजत होती. प्रत्येक अक्षर शोधायला मामींना वेळ लागत होता. मग कळा थांबल्या. पंख्याचा आवाज तेवढा राहिला. नंतर मामींनी माझ्या खांद्याला हात लावला.

पडदा नवा पासवर्ड मागत होता, म्हणजे उत्तर जुळलं होतं.

तो टाकल्यावर खातं उघडलं. मसुद्यांची लांबच लांब यादी होती आणि मथळे सगळे कॉम्प्युटरच्या बातम्यांचे: फुकट मेलचा धोका, मोबाइलमधला कॅमेरा, ऋजुताचं काय चुकतं. हे पाहून मला हसू आणि रडू एकदमच आलं. वाचून दाखवू का, म्हटलं. पण मामींचं लक्ष तिकडं नव्हतं.

"ठावकें होतें त्यांस," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून ठावकें होतें."

"मग जन्मभर विचारत का राहिले?"

मामींनी पदर तोंडाशी नेला. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत, आणि मी जवळ घ्यायला वाकले.

"विचारलं की मज हासूं येई," त्या म्हणाल्या. "तेवढ्याकरतां."