रक्तवाहिनीच्या कुठल्या अंगाला

माझ्या जांघेतला फुगवटा मी स्वतःच तपासला आणि राउंडला सगळ्या शिकाऊ डॉक्टरांसमोर जाहीर केलं, "डायरेक्ट हर्निया. माझं बोट चुकत नाही." डायरेक्ट म्हणजे वयाने जांघेची मागची भिंत खचते आणि आतलं सरळ पुढे ढकललं जातं. इनडायरेक्टमध्ये पिशवी जन्मापासून उघड्या राहिलेल्या वाटेने तिरकी उतरते.

ऑपरेशन कुणी करायचं यावर घरात वादच नव्हता. "अहो, तुमच्या त्या विद्यार्थ्यासारखा हात आहे का कुणाचा?" बायको म्हणाली. तीस वर्षं एका सर्जनशी संसार केलेली बायको! त्याला सुई धरायला मी शिकवलं. आता माझे जुने पेशंट 'धाकटे सर आहेत का' म्हणून विचारतात आणि माझ्या पोटात दुखतं. ते काही हर्नियामुळे नव्हे.

दुर्बिणीतून करू म्हणाला. त्याला पूर्ण भूल लागते, म्हणून मी साफ नकार दिला. मला जागं राहायचं होतं. कमरेखाली बधिर होऊन पडद्याअलीकडे कान टवकारून पडलो. त्याचं काहीतरी चुकावं, एवढीच इच्छा. तेही माझ्याच जांघेत! इतका मी जळत होतो.

जांघेतली नस जपून बाजूला घेतल्याचं त्याने मदतनिसाला सांगितलं. मग थांबला.

"पिशवी सापडली? रक्तवाहिनीच्या आतल्या अंगाला ना?" मी विचारलं.

"बाहेरच्या, सर."

बाहेरच्या अंगाला म्हणजे इनडायरेक्ट. माझं बोट चुकलं होतं. तो पडद्यावरून वाकला आणि मलाच ऐकू येईल असं म्हणाला, "मागची भिंतही जरा सैल वाटते. दोन्ही प्रकार आहेत असं लिहितो. जाळी तर तीच बसवायचीय."

"खरंच सैल आहे?"

त्याने नजर चुकवली.

याच्या चुका मी भर राउंडमध्ये काढायचो. एकदा तर याला रडवलं होतं. आणि हा माझी लाज झाकत होता.

"खोटं लिहू नकोस," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडलो. "इनडायरेक्टच लिही."

"बरं, सर," म्हणून त्याने जाळी बसवली, टाके घातले.

त्यानंतर माझा हेवा गेला असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. उलट वाढला. आधी फक्त त्याच्या हाताचा वाटायचा.