धुळ्याहून टोरांटोला जाणारी बॅग

मित्रांनो, मी आता एक जुनी, दमलेली निळी बॅग आहे. माझं एक चाक तुटलंय आणि चेन अर्ध्यात अडकते. पण कधीकाळी मी धुळ्याच्या बाजारातल्या दुकानात दर्शनी भागात टांगलेली होते. चिंधाआबांनी मला उचलून, आपटून, दोनदा उघडून पाहिलं आणि लेकीसाठी घेतलं. त्यांची ज्योती लग्न होऊन कॅनडात, टोरांटोला निघाली होती.

माझ्यात साड्या भरताना आबांनी तिला विचारलं, "कितलं लांब शे ते गाव?" मुंबईपासून सरळ रेघ मारली तर साडेबारा हजार किलोमीटर, असं ज्योतीनं सांगितलं. आबांना तो आकडा उमगेना. मग ती म्हणाली, धुळ्याहून सुरतेला जायच्या पन्नासवर खेपा केल्या तर तेवढं होईल. आबा कापसाच्या गाड्यांबरोबर सुरतेला जाऊन आलेले. ते माझी चेन ओढत बसले.

पुढची वर्षं मी खूप राबले. जाताना ज्वारीचे पापडासारखे बिबडे, लाल तिखट, भाकरीला ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ. येताना नातेवाइकांसाठी चॉकलेटं. विमानाच्या पोटात मी गारठून जायचे. आकाशातले पंधरा-सोळा तासच सगळे मोजतात. मधल्या विमानतळावरचं ताटकळणं आणि मुंबईहून धुळ्यापर्यंतचा घाटाचा रस्ता कुणी धरत नाही. घरी पोचेपर्यंत ज्योतीच्या पायांना सूज आलेली असायची. टोरांटोतली तिची एक मैत्रीण मात्र माझंच कौतुक करायची, किती दणकट बॅग आहे म्हणून.

मग एका हिवाळ्यात तिच्या भावाचा, योगेंद्रचा फोन आला. आबा शेतात कोसळले होते. ज्योतीनं हाताला लागतील ते कपडे माझ्यात कोंबले. पण टोरांटोच्या विमानतळावर बर्फाच्या वादळानं विमानं थांबलेली, सामान घेणारे काउंटर बंद. ती माझ्यावरच बसून राहिली. तिथंच दुसरा फोन आला. आबा गेले होते. भाऊबंद जमले होते, तिच्यासाठी अंत्यविधी थांबवायचा का, असं योगेंद्र विचारत होता.

ज्योतीनं मनातल्या मनात सगळं जुळवून पाहिलं: विमान कधी सुटेल, पुढचं कुठे मिळेल, मग तो घाट.

"थांबू नका," ती म्हणाली. "आबांना ताटकळत ठेवू नका."

मग तिच्या आईनं, कमलबाईंनी फोन घेतला. "तुना बाप ग्या, ज्योती. मी शे ना आठे, घरमा. माले भेटाले ये. पन सावकाश ये."

ज्योती तेव्हा कुठे रडली.

ती आली, महिनाभर आईच्या कुशीत निजली. परत जाताना मला तिनं इथंच आईकडे ठेवलं, स्वतःचे चार कपडे माझ्यात घालून. पुढच्या वर्षी आबांच्या तिथीला नव्हे, आईसाठी ती आली. त्याच्या पुढच्याही वर्षी आली. कमलबाई मधूनमधून मला ओसरीवर ऊन दाखवतात.

मित्रांनो, तुमच्याही घरी माळ्यावर एखादी बॅग पडलेली असेल. तिला खाली काढा, पुसा, चाकात तेल घाला. आणि कुणीतरी दूर वाट पाहत असेल, तर वाईट निरोप यायच्या आधी निघा.