गुंता की जट

सुष्मिताच्या मानेवर, अंबाड्याच्या आत, केसांचा लिंबाएवढा गोळा झाला होता आणि काही केल्या सुटत नव्हता. यात वैतागण्यासारखं पुष्कळ होतं. पण तिचं डोकं फिरलं ते वेगळ्याच कारणानं. तिच्या सासूनं, नीलम्मानं, त्या गोळ्याला हात जोडले.

“यव्वा! आई आली की गं घरात!”

“अत्ती, गुंता हाय त्यो. बारीक दातांची फणी द्या जरा,” सुष्मिता सासूला म्हणाली.

“फणी? जटंला फणी लावतीस? शानी हाईस का?”

जट म्हणजे सौंदत्तीच्या यल्लम्माचं बोलावणं, असं नीलम्माच्या माहेरी निपाणीकडं मानत आणि कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या त्यांच्या बोळातही मानत. एकदा ती आली की फणी बंद, कात्री बंद. हळदीचा भंडारा लावायचा आणि मरेपर्यंत सांभाळायची. नीलम्मा स्वतः तीस वर्षं सांभाळत होती. मनगटाएवढी जाड, कमरेच्या खाली गेलेली तिची जट फडक्यात गुंडाळून खांद्यावरून पुढं घेतलेली असायची. तिच्यामुळं तिला उताणं झोपता येत नसे. मान कायमची एका बाजूला कललेली. पावसाळ्यात जट लवकर वाळायची नाही आणि मग घरभर कुबट वास. ती धुवायचं, पिळायचं, उन्हात पसरायचं काम लग्न झाल्यापासून सुष्मिताकडं होतं. त्यामुळं जट म्हणजे काय, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

“येत्या पुनवंला सौंदत्तीला जाऊ,” नीलम्मा म्हणाली. “आईच्या म्होरं भंडारा लावून घ्यायचा. मग ती तुजी झाली.”

म्हणजे जे काय करायचं ते पुनवेच्या आत. एकदा देवीपुढं भंडारा लागला की घरात, गल्लीत, माहेरात कुणीसुद्धा सुष्मिताच्या बाजूनं उभं राहणार नव्हतं, आणि सासूबरोबर तिचीही मान कलणार होती.

संध्याकाळी कामावरून आली तर दारात चपलाच चपला. बोळातल्या बायका हळदीकुंकू घेऊन बसलेल्या. सगळ्यात पुढं धोंडुबाई! सुष्मिताला टायफॉइड झाला, मुठीमुठीनं केस गळायला लागले, तेव्हा “रोज एरंडेल चोळ, दाट हुत्यात बघ,” असं सांगून गेली होती ती हीच धोंडुबाई. आता तीच पुढं झाली, सुष्मिताच्या मानेला भंडारा फासला आणि पायाला हात लावायला वाकली.

“मावशी, काय करताय हे? तुमच्या एरंडेलानं झालंय सगळं!”

“एरंडेल निमित्त असतंय बाई. बोलावनारी ती.”

सुष्मितानं दात ओठ खाल्ले आणि हळदीनं पिवळा झालेला ब्लाऊजचा गळा बघून तिला रडायला आलं. उद्या कामावर जायला तेवढा एकच धुतलेला होता.

नवऱ्याकडून आशा होती. संगमेशचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. जळालेल्या तारांचा गुंता दिवसभर त्याच्या हातात. पण घरातला गुंता आला की हा गडी हात झटकून मोकळा. जेवताना तिनं विचारलं तर त्यानं ताटातून मान वर केली नाही.

“काप म्हणून मी सांगत न्हाय आन ठेव म्हणूनबी सांगत न्हाय. तुमचं तुम्ही बघा. मला मदी घेऊ नगा.”

“मी तुमची बायको हाय का शेजारीण?”

“आमटी वाढ,” संगमेश म्हणाला.

दोन हजार तीन साल होतं. राजारामपुरीत कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते, पोरी स्कूटीवरून फिरत होत्या, आणि सुष्मिता तिथल्याच एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसून येणाऱ्या पेशंटकडं हसून बघत होती. एवढ्या सगळ्या सुधारलेल्या गर्दीत माझा एक गोळा कापणारं कुणी मिळू नये? शनिवारी दवाखाना लवकर सुटला तशी ती तरातरा पलीकडच्या गल्लीत गेली. सौंदर्या ब्युटी पार्लर. काचेचं दार, आत गार एसी, भिंतीवर केस उडवणाऱ्या गोऱ्या बायका. मालकीण दीपा पुण्याहून कोर्स करून आलेली. इथं तरी धोंडुबाई भेटणार नव्हती.

दीपानं खुर्चीत बसवलं, अंगावर कापड घातलं, अंबाडा सोडला आणि तिची बोटं जागच्या जागी थांबली.

“काय लावता हो तुम्ही केसांना?”

सुष्मितानं सांगायला सुरुवात केली. रात्री एरंडेल, चांगलं वाटीभर. सकाळी पाणी आलं की घाईघाईनं शिकेकाई, ती नाही सापडली तर शांपूची पुडी. डॉक्टरांना रिसेप्शनला नीटनेटकं माणूस लागतं, म्हणून ओल्या केसांचाच घट्ट अंबाडा. बट सुटू नये म्हणून जेल, जेल सुटू नये म्हणून वर स्प्रे. रविवारी मेंदी. आणि आतून फणी? फणी फिरवायला वेळ कुणाला होता. वरून भांग बसला की झालं. सांगता सांगता तिचं तिलाच ऐकू यायला लागलं. दाट व्हावेत म्हणून, चमकावेत म्हणून, बसावेत म्हणून, एकावर एक थापून तिनं डोक्याचं पार लोणचं घातलं होतं. स्वतःचाच तिला असा राग आला की समोरच्या आरशात बघवेना.

“चिकट तेल, धुतलंच जात न्हाय नीट, त्यात ओलं बांधायचं,” दीपा म्हणाली. “आतल्या आत गोळा होऊन बसणार न्हाय तर काय होणार?”

“म्हणजे गुंताच हाय ना?” सुष्मिता खुर्चीतच वळली. “जट न्हाय ना ही?”

दीपा जरा घुटमळली. “गुंताच. पण तसं बघितलं तर जटबी गुंतूनच येती की.”

“मग कापा.”

“बाकीचे कापते. मस्त स्टेप कट देते. तेवढं राहू दे मागं. दिसणार न्हाय, वरून केस सोडू.”

“अहो, मी तेवढंच कापायला आलेय!”

“आमच्यात यल्लम्मा न्हाय,” दीपा कंगवा ठेवत म्हणाली. “आम्ही जैन. पण माझ्या हातानं नको. उद्या माझ्या दुकानाला काय झालं म्हणजे? उगंच कशाला!”

एसी, काचेचं दार, पुण्याचा कोर्स, सगळं होतं आणि कात्री मात्र चालत नव्हती. सुष्मिताचा संताप असा उसळला की कानशिलं तापली. घरी सासू हात जोडते, नवरा आमटी मागतो, बोळ पाया पडतो, आणि इथं ही बया गोळा सोडून स्टेप कट द्यायला निघाली. डोकं माझं, मान माझी, आणि परवानगी सगळ्या कोल्हापूरची!

“द्या इकडं,” ती म्हणाली आणि ट्रॉलीवरची कात्री उचलली. “तुम्ही आरसा धरा. आरसा धरल्यानं काय होत न्हाय ना?”

दीपानं मागून आरसा धरला. पण डोळे गच्च मिटून धरला, त्यामुळं सुष्मिताला त्यात कधी पंखा दिसे, कधी स्वतःचा कान. शेवटी तिनं आरशाचा नाद सोडला. गोळा डाव्या मुठीत पकडला आणि चाचपडत कात्री घातली. एका दमात कापेना. नारळाची शेंडी कापावी तसं करकरत, पुन्हा पुन्हा दाबावं लागलं. भीती वाटत नव्हती असं नव्हे. लहानपणापासून ऐकलेलं सगळं त्या वेळी मानेवर येऊन बसलं होतं. तरी ती कापत राहिली आणि गोळा हातात आला.

“झालं?” दीपानं डोळे मिटूनच विचारलं.

“झालं. उघडा आता.”

मग दीपाला हुरूप आला. उरलेले केस तिनं मानेपर्यंत सुरेख कापून दिले आणि कपाटातली एकही बाटली न काढता म्हणाली, “आता काही महिने काय लावू नका. साधा शांपू, आणि वाळल्याशिवाय बांधायचं न्हाय.” फक्त तो गोळा तिला आपल्या कचऱ्याच्या डब्यात नको होता. सुष्मितानं तो वर्तमानपत्रात गुंडाळून पर्समध्ये टाकला.

घरी गेल्यावर तिनं पुडी सासूपुढं ठेवली. एरंडेल, जेल, स्प्रे सगळं दारातल्या गटारीशेजारी नेऊन टाकलं. नीलम्मा ओरडली नाही, हेच वाईट होतं. तिनं पुडी उचलून देवळीत देवापुढं ठेवली, वर भंडारा टाकला आणि म्हणाली, “आता काय हुतंय ते बघ.”

घर वाट बघायला लागलं. सुष्मिता शिंकली की नीलम्मा स्वयंपाकघरातून डोकावायची. दुकानाहून यायला संगमेशला उशीर झाला की दारात जाऊन उभी राहायची. धोंडुबाई रोज चौकशी करून जायची, बरी हाईस ना गं, आणि सुष्मिता बरी असल्याचं ऐकून हिरमुसायची. या पहाऱ्याचा सुष्मिताला वीट आला. आतून तीही टरकलेली होती. शाप आला तर सासूला काय सुनावायचं याची तिनं मनात जुळवाजुळव करून ठेवली होती.

पण पुनव आली आणि गेली. दूध नासलं नाही. संगमेशला उसाच्या सीझनमुळं मोटारींचं काम उलट जास्तच आलं. सुष्मिताच्या केसांना हलकी चमक आली, गळायचेही थांबले. आणि जसजसं काहीच होईना, तसतशी नीलम्मा कडू होत गेली. जेवणात मीठ कमी, चहा पांचट, सुनेचं चालणं तोऱ्याचं.

एका रविवारी सुष्मिता नेहमीसारखी तिची जट धुवायला बसली. नीलम्मा पाटावर वाकलेली, जट बादलीत, भिजून दुप्पट जड झालेली. सुष्मितानं ती दोन्ही हातांनी उचलली तशी नीलम्माची मान मागं ओढली गेली आणि ती कळवळली.

“अत्ती,” सुष्मिता न राहवून म्हणाली, “तुमचीबी कापू?”

नीलम्मा वळली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते बादलीतलं नव्हतं.

“आता कापून काय करू? माजं वय परत देनार हाय तुजी कात्री?” तिचा आवाज फाटला. “लेकराला पाठीवर घेतलं न्हाय मी, जटंला लागंल म्हनून. एका कुशीवर जल्म काढला. आन तू कापून आलीस, तर तुला साधा खोकलाबी आला न्हाय गं!”