खिळ्याला टांगलेली बाटली

आमच्या ताईशी दोन वर्षं माझं बोलणं नव्हतं. चूक कुणाची असं विचाराल, तर आता सांगायला हरकत नाही, माझीच. तिच्या लेकीच्या, संस्कृतीच्या लग्नपत्रिकेत मामा म्हणून माझं नाव राहून गेलं. छापणाऱ्याचा घोळ झाला, असं ताईनं फोनवर दोनदा सांगितलं. मी फुगून बसलो तो बसलोच. सोलापूरहून वैराग असं कितीसं लांब? पण मामा काही लग्नाला गेला नाही. पुढं तिचा फोन यायचा थांबला आणि मीही केला नाही. मनातून मात्र रोज वाटायचं, ताईनं एकदा यावं.

संस्कृती कॉलेजची चार वर्षं आमच्याकडंच राहिली होती. तिनं मागं ठेवलेली काचेची टाकी, त्यातले गप्पी मासे आणि पाण्यातली झाडं मी जिवापाड जपली. यंदा ती झाडं पिवळी पडायला लागली आणि माझं धाबं दणाणलं.

मासे विकणारा म्हणाला, झाडांना कार्बन डायऑक्साइड कमी पडतोय, सिलिंडर बसवा. मी एसटीच्या वर्कशॉपात आयुष्य काढलेला माणूस, आधी घरात काय आहे ते बघणार. कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली घेतली, तिच्यात दोन वाट्या साखर, कोमट पाणी आणि बेकरीतून आणलेलं चिमूटभर यीस्ट टाकलं. यीस्ट साखर खातं आणि गॅस सोडतं. नळीचा प्रश्न बायकोनं सोडवला. राजश्री नर्स आहे, तिनं सलाईनचा एक कोरा सेट आणून दिला. पहिल्यांदा बाटली जमिनीवर ठेवली, तर झाकण उघडताच टाकीतलं पाणी नळीवाटे खाली आलं आणि मला फरशी पुसावी लागली. मग बाटली टाकीच्या वर, भिंतीतल्या खिळ्याला टांगली. दुसऱ्या दिवशी नळीच्या टोकातून बुडबुडे सुरू झाले, सेकंदाला एक. मी अर्धा तास मोजत बसलो होतो. राजश्री ड्युटीला कधी गेली तेही कळलं नाही.

टाकी बुटक्या स्टुलावर आहे आणि तिच्याअलीकडं माझी कॉट. दारातून बघणाऱ्याला टाकी दिसतच नाही. दिसते ती खिळ्याला लटकलेली बाटली, खाली उतरणारी सलाईनची नळी आणि दुपारचा झोपलेला मी. समोरच्या शिवलिंगप्पांनी नेमकं एवढंच पाहिलं. पेशंटला उठवू नये म्हणून ते शहाणपणानं आल्या पावली परत गेले. त्यांचा कापडाचा व्यापार, दुसऱ्या दिवशी वैरागचा बाजार, आणि ताईचं घर वैरागातच.

तिसऱ्या दिवशी सकाळी दार ढकलून ताई आत आली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात शहाळं. मी कॉटवर पेपर वाचत होतो.

"काय झालं रं तुला, दिप्या?" पिशवी खाली ठेवून तिनं माझ्या कपाळाला हात लावला. "सलाईन लागलंय म्हनं. मला कळवायचं न्हाय व्हय?"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिची नजर बाटलीवरून नळीवर आली, नळी धरून कॉटच्या पलीकडं गेली, आणि ती वाकून बघतच राहिली.

"माशास्नी सलाईन?"

मी घाईघाईनं यीस्ट, साखर, गॅस, सगळं सांगितलं. मग तिनं पिशवी उचलली.

"म्हंजी तू धडधाकट हायस. ठीक हाय की. येते मी."

ती उंबऱ्यापर्यंत पोचली. आता बोललो नाही तर ही पुन्हा येणार नाही, हे मला स्वच्छ दिसलं.

"ताई, चुकलं माझं. मी लग्नाला यायला पाहिजे होतं."

ती वळली. "पोरगी मांडवात सारखी दाराकडं बघत हुती, दिप्या."

मला रडू आलं. साठीला आलेला माणूस मी, पण आलं. ताईनं पिशवी खाली ठेवली, पदरानं माझं तोंड पुसलं आणि शहाळं पुढं केलं. "पी आता. वैरागपास्नं वागवत आणलंय."

मग आम्ही संस्कृतीला व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाईल टाकीसमोर धरला. पिवळ्या पानांमधून एक हिरवा कोंब वर आला होता, त्यावर खसखशीएवढे बुडबुडे चिकटले होते. "मामा, माझी झाडं!" ती ओरडली. ताई बुडबुडे मोजत होती, मध्ये बोललेलं तिला चालेना.

संध्याकाळी मी तिला बसला सोडायला निघालो, तर जिन्यातून शिवलिंगप्पा वर यायला लागले. मी, त्यांचा पेशंट, चटकन दाराआड झालो.

"कसं हाय आता पेशंट?" त्यांनी हळूच विचारलं.

"बरं हाय की," ताई म्हणाली, "पन बाटली दर पंधरा दिवसांनी बदलावी लागती म्हनं. मलाच यावं लागंल."