जास्तीचं बाळ

माणसाला प्रयोगशाळेतून उचलून भांडारात टाकलं की त्याला विचार करायला भरपूर वेळ मिळतो, हे मोठ्या डॉक्टरांच्या लक्षात आलं नव्हतं. भिंगवाल्या बाई चौदा महिने हातमोज्यांची खोकी रचत होत्या आणि सोबत तीन प्रश्न रचत होत्या.

त्याआधीची सतरा वर्षं त्यांनी काचेच्या बशीत माणसं वाढवली होती. पहिल्या दिवशी एक पेशी, दुसऱ्या दिवशी चार, तिसऱ्या दिवशी आठ. मग सगळ्या एकमेकींना बिलगून तुतीच्या फळासारखा गोळा, आणि पाचव्या दिवशी आतून पोकळ झालेला फुगा. फुग्यात एका कडेला पेशींचा पुंजका. त्याचं पुढे बाळ होतं आणि बाहेरच्या सालीची त्याला पोसणारी वार. एखादा गर्भ रेंगाळला तर बाई उबवणपेटीत डोकावून म्हणत, "उठा राजे, बापावर जाऊ नका."

गर्भ आईच्या पोटात सोडायच्या आधी दोघांनी बशीत पाहायचं आणि दोघांनी सही करायची, असा तिथला नियम. एका जोडप्याचा गर्भ सोडायचा होता त्या दिवशी बाई मोठ्याने म्हणाल्या, "एक." मोठ्या डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवला, डोळा भिंगाला लावला, "एक" म्हणाले आणि सही ठोकली. एकच ठेवायचा, असं घरच्यांना वचन दिलेलं होतं.

सहाव्या आठवड्यात सोनोग्राफीत दोन ठोके ऐकू आले.

"एकच ठेवणार म्हणाला होतात ना?" होणाऱ्या आईच्या सासूबाईंनी विचारलं. "मग हा दुसरा कुणाचा?"

डॉक्टरांना 'बघून सांगतो' हे दोन शब्द आयुष्यात जमले नव्हते. ते म्हणाले, "आमच्या प्रयोगशाळेतल्या बाईंची चूक. नजरचुकीने दोन गेले."

"साहेब, आत गेल्यावरही एकाचे दोन होतात," दारातून बाई म्हणाल्या. "तो पुंजका कधीकधी..."

"मला शिकवू नका."

दुसऱ्या दिवशी बाई भांडारात.

बाराव्या आठवड्याचं चित्र घेऊन सोनोग्राफीवाला हातमोजे न्यायला आला. "बाई, एकच वार आहे हो. दोघांमधल्या पडद्याच्या मुळाशी, वार वेगवेगळी असली की दिसतो तो त्रिकोणच नाही, नुसती बारीक रेघ. दोन गर्भ गेले असते तर असं दिसलंच नसतं. सांगू साहेबांना?"

"अजिबात नको."

कारण सांगितलं असतं तर डॉक्टर बंद खोलीत "बरं बरं" म्हणाले असते. बाईंना ते दोन शब्द नको होते. त्यांना भरलेलं सभागृह हवं होतं.

ते संस्थेच्या वर्धापनदिनी मिळालं. पहिल्या रांगेत विश्वस्त, शेजारी ते कुटुंब. सात महिन्यांचे दोन मुलगे, एकाला पांढरी टोपी, दुसऱ्याला हिरवी. डॉक्टर 'चुकांतून शिकणारी संस्था' या विषयावर बोलत होते. त्यांच्यामागे पडद्यावर जुळ्यांचं तेच बाराव्या आठवड्याचं चित्र होतं. चित्र गोड होतं म्हणून लावलेलं. नीट पाहिलं कुणीच नव्हतं.

बाई उभ्या राहिल्या.

"साहेब, त्या दिवशीच्या कागदावर दुसरी सही कुणाची?"

"माझी," डॉक्टर म्हणाले.

"आणि आकडा?"

"एक." इतकं म्हणेपर्यंत डॉक्टरांना पुढचा खड्डा दिसला आणि त्यांनी टुणकन उडी मारली. "पण मी भिंगातून पाहिलंच नव्हतं! तुमच्यावर विश्वास ठेवून सही केली. एवढी एक चूक माझी. मी ती सर्वांसमक्ष कबूल करतो."

मनाचा मोठेपणा पाहून मागे काहींनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत मात्र अध्यक्षांनी मोबाइलमधून मान वर काढली. "न पाहता सही?"

"आता शेवटचं," बाई म्हणाल्या. "मागे वळून बघता का? या चित्रात वार एक आहे की दोन?"

डॉक्टर वळले. कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढून मोजू लागले.

"एकच आहे, साहेब!" मागून सोनोग्राफीवाला ओरडला. वर्षभर दाबून ठेवलेलं ते वाक्य जरा जास्तच जोरात निघालं.

"दोन गर्भ असते तर दोघांनी आपापली वार आणली असती," बाई सासूबाईंकडे वळून म्हणाल्या. "एकच गेला होता. आत गेल्यावर त्याच्या पुंजक्याचे दोन झाले. ही दोन्ही बाळं मुळात एकच. कुणाची चूक नाही. साहेबांनी आत्ता कबूल केली तेवढी सोडून."

डॉक्टरांनी तेव्हा चांगलं पाहिलं होतं, हे फक्त बाईंना माहीत होतं. ते त्यांनी सांगितलं नाही. माणूस स्वतःच्या हौसेने खड्ड्यात उतरला असताना आपण शिडी कशाला सोडायची?

"डॉक्टर, जरा ऑफिसात या," अध्यक्ष म्हणाले. मग बाईंना, "तुम्ही उद्यापासून प्रयोगशाळेत."

लोक चहाकडे वळले तेव्हा मुलांची आई दोघांना एकेका कडेवर घेऊन बाईंजवळ आली. सासूबाई खुर्चीतच होत्या, हिरव्या टोपीकडे एकटक बघत.

"त्यांनी हा जास्तीचा ठरवला होता," आई हळूच म्हणाली. "सात महिने एकदाही उचलला नाही. लाड सगळे पांढऱ्या टोपीचे."

हे बाईंच्या हिशेबात नव्हतं. "मी आधीच बोलायला हवं होतं गं."

"हवंच होतं," आई म्हणाली. तिने ते मऊ करून सांगितलं नाही. मग बाईंच्या कानाशी वाकली. "पण मीही काही गप्प बसले नाही. रोज आंघोळ झाली की मी टोप्या बदलते."

बाईंनी दोन्ही मुलांकडे पाहिलं. दोघांनी एकाच वेळी जांभई दिली.

"त्यांना सांगू का? की घरी गेल्यावर?"

बाईंनी मान वळवून सभागृहात अजून किती लोक आहेत ते पाहिलं.

"आत्ताच सांग," त्या म्हणाल्या. "आणि जरा मोठ्याने."